चोवीस नंबरचं इंजिन आणि नववा विषय

ओबरटाल, २१ मे
गुरुवार, संध्याकाळचे सव्वासात

ती. रोसवीता वन्सं यांस,

हायड्रुनचा वाकून नमस्कार. (तुम्ही म्हणाल, ही कधीपासून वाकायला लागली? शनिवारपासून. कमरेत अशी उसण भरली आहे की सरळ उभं राहता येत नाही. कारण पुढे येईलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? नवा बसवलेला चालतोय की जुनाच बरा होता? डॉक्टर जिने चढू नका म्हणाले तर चढू नका, आणि मांजर कपाटावर बसलं तर बसू द्या, त्याला उतरवायला स्टुलावर चढू नका. ते आपलं आपण उतरतं. इकडे मी बरी आहे, बेकरीचं काम पहाटे पाच ते दुपारी एक चालू आहे, आणि तुमचा भाऊ तर इतका बरा आहे की आत्ता या घटकेला तो घरात नाही. वन्सं, हे वाक्य मी पुन्हा लिहिते, मला बरं वाटतं. तो घरात नाही. सात वाजता मंडळाचं जाकीट घालून गेला. स्वयंपाकघरात मी एकटी, कॉफी माझी एकटीची, आणि ती मी कपात किती उंचीवरून ओतते हे बघायला मागे कोणी उभं नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला आहे, आणि तो तिथेच आहे तोवर सगळं लिहून काढते. तुम्ही शाळामास्तरीण होतात, लाल पेन हातात घेऊ नका. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून घड्याळांच्या कारखान्यात गेले, तेव्हा माझं शुद्धलेखन तिथेच थांबलं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की एकहार्ट ऑक्टोबरात निवृत्त झाला. चाळीस वर्षं गावाच्या पाण्याचे मीटर वाचले, मग एक घड्याळ आणि फुलांचा गुच्छ देऊन त्याला माझ्या घरात सोडून दिलं. ते मी सोसलं असतं, कारण दर गुरुवारी त्याचं ते छोट्या आगगाड्यांचं मंडळ होतं. जुन्या मालगोदामात बारा मीटर लांब टेबलावर रुळ, डोंगर, बोगदे, चर्च, गाई, सगळं आहे, आणि पंधरा म्हातारे त्याभोवती उभे राहून एकमेकांच्या चुका काढतात. मला त्यात काडीचा रस नाही. पण बाईला आठवड्यातून एक संध्याकाळ मिळते, तेव्हा ती रस नाही असं मोठ्यानं म्हणत नाही. पण डिसेंबरच्या सर्वसाधारण सभेत ते मंडळ फिरलं. (सर्वसाधारण सभा म्हणजे पंधराच माणसं, पण विषयपत्रिका संसदेची.) तीस वर्षं सगळ्या गाड्या एका करड्या डब्यावर चालायच्या. डब्यावर नंबर दाबायचा, रुळांतून वीज आणि हुकूम दोन्ही जातात, आणि ज्या इंजिनाचा तो नंबर, तेच हलतं, बाकीची गप्प. आता अध्यक्ष ब्रेंडले (आपल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, अजूनही बोट वर केल्याशिवाय कोणाला बोलू देत नाहीत) म्हणाले, हा डबा जुना झाला, आपण नवी पद्धत घेऊ. अकरा विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. नव्या पद्धतीची बोली वेगळी. जुन्या इंजिनांना ती समजत नाही, ती रुळावर ठोंब्यासारखी उभी राहतात. इंजिनाच्या पोटात एक पट्टी असते, तिला हे लोक मेंदू म्हणतात. तो काढून नवा बसवायचा, नाहीतर इंजिन शोभेला ठेवायचं.

त्या चार विरोधी मतांतलं एक तुमच्या भावाचं. त्याचं काळं वाफेचं इंजिन तुम्ही पाहिलंय, सत्त्याऐंशी साली घेतलेलं, लग्नाआधी मला दाखवायला आणलं होतं ते. (इतर मुली फुलं घेऊन आलेल्या मुलांशी लग्न करत होत्या.) नंबर चोवीस. त्याच्या मेंदूत आठ इवले खटके आहेत, ते वरखाली करून नंबर लावायचा. "माझ्या इंजिनाचा मेंदू काढणार असाल तर आधी माझा काढा," असं हा सभेत म्हणाला. ब्रेंडले म्हणाले, त्यासाठी वेगळा ठराव लागेल. सगळे हसले. ह्यानं घरी येऊन राजीनामा लिहिला, तीन प्रतींत, आणि एक प्रत मलाही दिली. मी म्हटलं, मला कशाला, मी तुला कधी सभासद करून घेतलंय? इंजिन खोक्यात भरलं, खोकं बैठकीच्या फळीवर ठेवलं, आणि तिथून पुढे पाच महिने हा घरात.

वन्सं, तुम्ही मोठ्या बहीण, तुम्ही त्याला लहानपणी सांभाळलंत, पण तेव्हा तो झोपायचा तरी. आता झोपत नाही, तो सुधारणा करतो. माझे मसाले त्यानं अक्षरवार लावले. मी भांडी यंत्रात लावली की मागून येऊन पुन्हा लावतो. अंड्याला किती मिनिटं, हे त्या निरोपाच्या घड्याळावर मोजतो. आमच्या जिन्यात झाडलोटीच्या आठवड्याची पाटी असते ना, ज्या घराच्या दारावर पाटी त्या घरानं तो आठवडा जिना झाडायचा, तर ह्यानं वरच्या मजल्यावरच्या बाईच्या आठवड्यातही जिना झाडून काढला. उपकार म्हणून! ती बाई आता माझ्याशी बोलत नाही, कारण या गावात दुसऱ्याच्या पाळीत झाडू मारणं म्हणजे तोंडावर सांगणं की तुमचं झाडणं आम्ही पाहिलंय. मी माफी मागायला केक घेऊन गेले, तर तिनं केकखालची थाळी अशी घासून परत केली की तिच्यात मला माझं तोंड दिसलं. माझ्या रक्तदाबाचं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, नवरा निवृत्त झालाय. त्यांनी मान डोलावली आणि गोळी वाढवली.

पण खरं सांगते, हे सगळं मी भांडून निभावलं असतं. मला हरवलं ते जाकिटानं. दर गुरुवारी पावणेसात झाले की तुमचा भाऊ उठायचा, मंडळाचं निळं जाकीट घालायचा, बटणं लावायचा, आरशासमोर उभा राहायचा. मग बटणं काढून जाकीट पुन्हा खुंटीला. नंतर खुर्चीत बसून फळीवरच्या खोक्याकडे बघायचा. फेब्रुवारीत दाढी करणं सोडलं. मार्चमध्ये माझ्या चुका काढणंही कमी झालं, वन्सं. मी मुद्दाम अंडं दगडासारखं उकडलं, तर मुकाट्यानं खाल्लं. तेव्हा मी घाबरले. सुधारणा करणारा नवरा परवडला, पण न करणारा माझ्यानं बघवेना.

त्याच आठवड्यात लोटार बेकरीत आला. (लोटार म्हणजे त्याचा दोस्त, मंडळाच्या गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. लग्नात ज्यानं तुमच्या पायावर पाय दिला होता तोच.) खारट गाठीच्या पावाची दोन ब्रेत्सेल घेतली आणि काउंटरवर वाकून म्हणाला, "हायड्रुन, सतरा मेला मंडळाला पन्नास वर्षं होतात. खुला रविवार आहे, गाव बघायला येणार. एकहार्ट नाही म्हणजे लग्नात वरमाई नाही. पण इंजिन चालल्याशिवाय तो येत नाही, आणि मेंदू बदलल्याशिवाय इंजिन चालत नाही."

"मग बदला," मी म्हटलं.

"तो हात लावू देईल?"

"त्याला विचारतंय कोण?"

तेव्हा तो म्हणाला की त्याचे हात थरथरतात, आणि बाकीच्यांना पुस्तिका वाचता येते पण डाख देता येत नाही. मी त्याला म्हटलं, बावीस वर्षं मी गजराच्या घड्याळांत केसाएवढ्या तारा जोडल्या आहेत, दिवसाला तीनशे. कारखाना बंद पडला, हात बंद पडलेले नाहीत. आण तुझा तो मेंदू.

मेंदू यायला मे उजाडला, आणि चोरी मी खुल्या रविवाराआधीच्या बुधवारी केली. तुमचा भाऊ डोळे तपासायला गेला होता. खोक्यातून इंजिन काढलं, आणि खोकं उचलून बघितलं तर हलकं लागेल म्हणून त्याच वजनाचा शिळ्या राय ब्रेडचा टोकाचा तुकडा रुमालात गुंडाळून आत ठेवला. (बेकरीवाल्या बाईला वजन हातानं कळतं. चार ग्रॅमचा फरक होता.) दुपारी दुकान बंद झाल्यावर मागच्या खोलीत, केक सजवायच्या टेबलावर, मी आणि लोटार बसलो. मी जुना मेंदू काढला. मोटरमधली तारेची गुंडाळी काढून तिथे चुंबक बसवायचा होता, नव्या मेंदूला मोटर तशीच लागते, तो बसवला. मग तारा. लोटार पुस्तिका नाकाला लावून वाचत होता. म्हणाला, सोपं आहे, नारिंगी तिथे नारिंगी, करडी तिथे करडी, रंगाला रंग जोडायचा. मी डाख द्यायची तापलेली सळई खाली ठेवली. कारखान्यात आमची मुकादमीण होती, बेर्टा नावाची, अर्धा दात सोन्याचा. तिचं एकच शिकवणं: पोरींनो, रंगावर जाऊ नका, तारेचं दुसरं टोक बघा. मी दुसरं टोक बघितलं. आणि वन्सं, जुन्यात नारिंगी तार दिव्यांना जाते, नव्यात तीच मोटरला! रंगाला रंग जोडला असता तर इंजिन चालायच्या ऐवजी पेटलं असतं. लोटारला दाखवलं तर म्हणाला, "हे पुस्तिकेत असणार." होतं. मागच्या पानावर, पायाशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

तेवढ्यात एक स्क्रू पडला. तिळाएवढा. कुठे पडला? पिठाच्या उघड्या पिंपात. अठरा किलो पीठ, उद्या पहाटे त्याचे पाव व्हायचे, आणि ते पाव अर्धं गाव खातं, ज्यात ब्रेंडलेही आले. माझ्या डोळ्यांपुढे ब्रेंडलेंची कवळी आली. मी चाळण घेतली, लोटारनं देवाचं नाव घेतलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की इंजिनात नुकताच बसवलेला चुंबक तर आपल्याकडे आहे. तो पुन्हा सोडवला, दोऱ्याला बांधला आणि विहिरीत गळ टाकावा तसा पिठात फिरवला. तिसऱ्या फेरीला स्क्रू वर आला, सोबत एक केसाची पिन आणि कधीतरी हरवलेली नक्षीच्या नळीची टोपी. (पिन माझी नाही. पावाबद्दल आजवर कोणाची तक्रार आलेली नाही, तरी हा परिच्छेद तुमच्या मैत्रिणींना वाचून दाखवू नका.)

शनिवारी दुपारी गोदामात चाचणी. उद्या खुला रविवार, म्हणून झाडून सगळे हजर. मी बटाट्याचं सॅलड घेऊन गेले, आपल्याकडच्यासारखं गरम रस्सा घातलेलं, तुमच्या तिकडच्यासारखं मेयोनीजमध्ये बुडवून मारलेलं नव्हे. चोवीस नंबर रुळावर ठेवलं. ब्रेंडले म्हणाले, नव्या यादीप्रमाणे सगळ्यांना चार आकडी नंबर द्यायचे ठरलं आहे. मी म्हटलं, ह्याला मी चोवीसच दिला आहे, आणि पुन्हा सळई तापवायला मला वेळ नाही. (नंबर बदलायला सळई लागत नाही, नुसती बटणं लागतात. पण ते त्यांना बोलायला सुचलं नाही.) लोटारनं बटण फिरवलं आणि इंजिन निघालं. काय सांगू, वन्सं, पूर्वी ते गचके देत धावायचं, आता लोण्यावरून सुरी जावी तसं. गाईंजवळून गेलं, चर्चजवळून गेलं, मागच्या डोंगराकडे वळलं, बोगद्याच्या तोंडाशी आलं आणि एकदम थांबलं. मग वास आला. ज्यानं एकदा तो वास घेतला आहे तो विसरत नाही. धुराची एक बारीक रेघ, धुराड्यातून नव्हे, पोटातून.

माझा डाख निघाला असणार, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाईमाणूस, बेकरीवाली, वगैरे. मी टेबलाखाली शिरले (उसण भरली ती इथे) आणि रांगत डोंगराच्या मागे गेले. तारेचं दुसरं टोक बघायला. आणि काय दिसावं? करडा डबा! तोच, जुना, डोंगराखाली बसलेला, दिवा लागलेला, मागच्या अर्ध्या रुळांना मजेत वीज देत असलेला. पुढच्या अर्ध्यात नवी पद्धत, मागच्या अर्ध्यात जुनी. इंजिनाच्या पोटाखाली एक लांब पट्टी असते, ती रुळामधून वीज घेते. इंजिन सांध्यावर आलं, तेव्हा त्या पट्टीचं पुढचं टोक जुन्या डब्यावर आणि मागचं नव्यावर. दोन सासवांनी एकाच सुनेला एकाच वेळी दोन हुकूम सोडले, सून जळाली. आजवर कोणाला कळलं नाही, कारण बदललेली इंजिनं तीनच होती आणि ती पुढच्या लहान फेऱ्यावरच घुमत होती.

मी टेबलाखालूनच ओरडले, हा डबा अजून चालू कसा? ब्रेंडलेंनी वाकून, अगदी शांतपणे मला समजावलं, "अहो श्टुम्पबाई, जुना डबा बंद करणे हा विषयपत्रिकेवरचा नववा विषय होता. आठव्या विषयानंतर जेवणाची वेळ झाली, सात सभासद गेले, गणसंख्या राहिली नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. ठराव झाल्याशिवाय मला तो बंद करता येत नाही."

"म्हणजे पाच महिने तुम्ही दोन्ही डबे चालू ठेवलेत?"

"ठरावच झालेला नाही, बाई."

मागे तेरा माणसं मान हलवत होती. एकजण म्हणाला, इतिवृत्तात तसंच आहे. वन्सं, ही शिकलेली माणसं. एक अभियंता आहे त्यांच्यात, एक न्यायालयात कारकून होता. मी टेबलाखाली चारी पायांवर, आणि मला एकदम सुचलं. मी विचारलं, हे ठराव कोणाला लागू? ते म्हणाले, सभासदांना. मी म्हटलं, मी सभासद आहे का? नाही म्हणाले. मग मी प्लग उपटला.

कोणाच्या तरी हातातला चमचा सॅलडात बुडाला. मग लोटार हसायला लागला. मग अभियंता. ब्रेंडले हसले नाहीत, पण कपाळ पुसताना त्यांना बरं वाटलेलं मी पाहिलं. त्या डब्याचं ओझं त्यांच्यावरही होतंच.

पण माझं काम बिघडलंच होतं. मेंदू जळालेला, दुसरा मेंदू नाही, उद्या रविवार. इंजिन उघडं पडलेलं, आणि घरी फळीवर ब्रेड. लोटारनं खिशातून एक लहान पाकीट काढलं. त्याच्या स्वतःच्या लाल इंजिनासाठी घेतलेला मेंदू. म्हणाला, माझं पुढच्या वर्षी चालेल, ते घाईत नाही. (आता तुमच्या पायावर दिलेला पाय त्याला माफ करा.) मी मंडळाच्याच टेबलावर बसले, सळई तापवली, आणि चौदा म्हातारे माझ्या डोक्यावर वाकले. एक म्हणे कमी कथील लावा, एक म्हणे जास्त. मी म्हटलं, पुढचा जो बोलेल त्याच्या नाकाला डाख देईन.

आणि तेव्हा दार उघडलं. तुमचा भाऊ. घरातल्या चपला पायात, दाढी वाढलेली, जाकीट उलटं घातलेलं, आणि छातीशी ते खोकं. अर्ध्या गावातून तसाच आला होता. तो सरळ ब्रेंडलेंसमोर गेला, खोकं उघडलं आणि म्हणाला, "माझ्या इंजिनाचा ब्रेड झालाय."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखा त्याचा चेहराच नव्हता. मग त्यानं मला पाहिलं. माझ्या हातात त्याचं चोवीस नंबर, टरफल एकीकडे, चाकं एकीकडे, तारा लोंबताहेत. वन्सं, मी बत्तीस वर्षांत या माणसाला कधी घाबरले नाही, पण त्या क्षणी मी सळई खाली ठेवली. वाटलं, आता हा वळेल, चपला फटफटवत घरी जाईल, आणि पुन्हा खुर्चीतून उठणार नाही, आणि ते माझ्या हातानं झालेलं असेल. तो टेबलाशी आला. वाकला. एकेक तार बघितली. आणि म्हणाला, "पुढचा दिवा मागे जोडलायस."

"काय?"

"पांढरी तार पुढच्या दिव्याची. पिवळी मागच्याची. तू उलट केलंयस."

"तुला नव्या तारांचं काय ठाऊक?"

"पुस्तिका. पान सात."

डिसेंबरपासून, वन्सं! विरोधी मत देऊन, राजीनामा देऊन, हा माणूस पाच महिने ती पुस्तिका संडासात बसून पाठ करत होता. मी समजत होते की पोट बिघडलंय, आणि त्याला अळशीच्या बिया खायला घालत होते. (तार उलट लागली ती लोटारनं इंजिन उलटं धरल्यामुळे, हे नमूद व्हावं.) मी म्हटलं, मग स्वतःच का नाही केलंस? तर खाली बघून म्हणाला, "मला डाख देता येत नाही. आणि सभेत तसं बोलल्यावर कोणाला कसं विचारणार?"

मी म्हटलं, बायकोला. आणि टेबलावरचा दिवा त्याच्या हातात दिला. म्हटलं, इथे धर, हलवू नकोस, आणि बोलू नकोस, श्वासानं हात हलतो. त्यानं धरला. वीस मिनिटं धरला. जुना मेंदू मी काडेपेटीत जपून ठेवला होता, आठही खटके शाबूत, तो काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो चष्म्याच्या डबीत टाकला.

इंजिन जोडून झालं. रुळावर ठेवलं. लोटार नव्या डब्यापासून बाजूला झाला. तुमच्या भावानं नंबर काय म्हणून विचारलंही नाही. दोन दाबलं, चार दाबलं, आणि दिवा लागला. पुढचा. मग चर्च, गाई, डोंगर, सांधा (तिथे आम्ही सोळाजणांनी श्वास रोखला), बोगद्यात शिरलं, आणि पलीकडून बाहेर आलं. मी कधी या खेळण्यांकडे धड बघितलेलं नाही. पण ते बाहेर आलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसले आणि पुढची फेरीही बघितली.

पुढचं मंडळाला शोभेल असंच झालं. ब्रेंडलेंनी बोट वर केलं, हजर मोजले, आणि गणसंख्या पुरी आहे असं जाहीर करून उभ्याउभ्याच सभा घेतली. नववा विषय मंजूर. श्री. एकहार्ट श्टुम्प यांचा राजीनामा परत घेतल्याची नोंद. आणि सौ. श्टुम्प यांनी केलेल्या प्लग उपटण्याच्या कृतीस पूर्वलक्षी प्रभावानं मान्यता, चौदा विरुद्ध शून्य. तुमचा भाऊ तेवढ्यापुरता तटस्थ राहिला, म्हणे नात्यातला विषय आहे.

रविवारी गाव लोटलं. तुमचा भाऊ दाढी करून, जाकीट सुलटं घालून उभा होता, आणि प्रत्येक येणाऱ्याला सांगत होता की नवी पद्धत फार सोपी आहे, लोक उगाच विरोध करतात. वरच्या मजल्यावरची बाईही आली, सॅलड दोनदा घेतलं आणि माझ्याशी बोलली. म्हणाली, या आठवड्यात जिना मी झाडते. मी म्हटलं, झाडा हो, आनंदानं झाडा.

तर असं आहे. तो आत्ता तिकडे आहे, मी इकडे, कॉफी गरम आहे, आणि दोघंही सुखी आहोत. गुडघ्याला जपा, मांजराला माझा आशीर्वाद, आणि वाऱ्याच्या दिवशी टोपी घाला.

तुमची भावजय,
हायड्रुन

ता. क. खरं तर पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे, तेव्हा आता लिहिते. पुढच्या सोमवारपासून पंधरा दिवस तुमच्या भावाला तिकडे बोलावून घ्याल का? गुडघ्याचं निमित्त सांगा, तो येईल. झालंय असं की त्यानं रविवारीच मंडळात जाहीर केलं, उरलेल्या सगळ्या इंजिनांचे मेंदू "आम्ही" बदलून देऊ. आम्ही म्हणजे मी. आता माझ्या जेवणाच्या टेबलावर एकोणतीस इंजिनं आहेत, अक्षरवार लावलेली, आणि गुरुवार सोडून बाकी सहा दिवस तो त्यांच्यासकट घरात.

ता. क. दुसरं. ब्रेंडले स्वतः अर्ज घेऊन आले होते, मला सभासद करून घ्यायला. मी नाही म्हटलं. सभासद झाले की मलाही ठराव लागू होतील, मग पुढच्या वेळी प्लग कोण उपटणार?

ता. क. तिसरं. तो आला. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं म्हणून लिहिते. येताना स्वतःहून जिन्याखालून चांगला मोठा दिवा शोधून आणलाय, लांब मानेचा, आणि न विचारता टेबलाशी उभा राहिलाय. दिवा धरलेला असताना बोलायचं नाही, हा नियम मी केला आहे आणि तो पाळतो. वरचं पहिलं ता. क. वाचलंच नाही असं समजा. तुमच्या काचेच्या कपाटात मामंजींचं घड्याळं दुरुस्त करायचं भिंग आहे, ते कापसात गुंडाळून टपालानं पाठवा. तारा फार बारीक आहेत. पण त्याला बोलावू नका. दिवा कोण धरील?